व्हरांड्यातल्या खाटा

पावसाळ्यात सकाळच्या ड्युटीला आले की मी थेट वॉर्डात शिरायची नाही. आधी व्हरांड्याला एक वळसा घालायची आणि भिंतीला टेकवलेल्या खाटा मोजायची. सरकारी लोखंडी कॉट नव्हेत, घरच्या खाटा. लाकडी चौकटीच्या, दोरानं विणलेल्या. चारही कोपऱ्यांना दोर बांधायचे, ते वर एका जाड बांबूत अडकवायचे, बांबू पुढच्या-मागच्यांनी खांद्यावर घ्यायचा आणि मध्ये झोळीसारखा लटकलेला आजारी माणूस. वर्तमानपत्रवाले याला ‘खाटेची कावड’ म्हणतात. भामरागडच्या आतल्या गावांत पावसाळ्यातली अ‍ॅम्ब्युलन्स ती हीच. व्हरांड्यात तीन खाटा असल्या की समजायचं, रात्रीत तीन पेशंट असे आलेत ज्यांच्या गावापर्यंत गाडी जात नाही. नाइटच्या सिस्टरनं रिपोर्ट बुकात काय लिहिलंय ते मग सावकाश वाचलं तरी चालायचं.

मी त्या तालुक्यात बंधपत्रित अधिपरिचारिका म्हणून गेले आणि बंधपत्र संपल्यावरही काही वर्षं राहिले. दवाखाना कोणता ते लिहीत नाही. माझ्या मैत्रिणी अजून तिथे ड्युटी करतात, आणि जे सांगणार आहे ते एका दवाखान्यापुरतं नाहीच.

नकाशात भामरागड शोधायचं तर महाराष्ट्राच्या पार पूर्व कडेला बोट न्यावं लागतं. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या नद्या इथे भेटतात आणि पलीकडे छत्तीसगड सुरू होतं. आलापल्लीहून जंगलातला रस्ता साधारण ६५ किलोमीटर. गडचिरोली पावणेदोनशेच्या घरात. २६ ऑगस्ट १९८२ ला वेगळा जिल्हा होईपर्यंत सगळी सरकारी कामं चंद्रपूरला, म्हणजे आणखी लांब. या बाजूनं येताना आधी हेमलकसा लागतं, मग पर्लकोटेचा पूल, मग भामरागड. जुना पूल ठेंगणा. वर छत्तीसगडात पाऊस झाला, की इथे ऊन असलं तरी पूल पाण्याखाली. हेमलकशाचा लोकबिरादरीचा दवाखाना एका काठावर, गाव दुसऱ्या काठावर, मध्ये जेमतेम तीन किलोमीटर आणि ते कधी दोन दिवसांचं अंतर होऊन बसे. २०१९ च्या पावसाळ्यात तर पाणी पुन्हा पुन्हा बाजारपेठेत शिरलं. आलापल्ली-भामरागड-लाहेरी हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग १३०-डी आहे. काम चालू असताना पुलांशेजारी मातीचे वळणरस्ते केले जातात आणि पहिल्या मोठ्या पावसात ते वाहून जातात. २०२४ च्या पावसाळ्यात एका गरोदर बाईला जेसीबीच्या खोऱ्यात बसवून पाणी ओलांडावं लागलं. तो व्हिडिओ साऱ्या महाराष्ट्रानं पाहिला. आमच्यापैकी कुणाला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. जेसीबी होता हेच नशीब.

तर, खाटा. वरून कुणी मोठे साहेब पाहणीला येणार असले की दोन दिवस आधी फर्मान सुटे: व्हरांडा मोकळा करा, हे भंगार हलवा. मग मी आणि आमची मावशी मिळून खाटा मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवायचो आणि साहेब गेले की परत आणायचो. एकदा माझी रजा होती. परत आले तर एक खाट नाही. कुणीतरी तिच्या लाकडावर आंघोळीचं पाणी तापवलं होतं. त्या खाटेवरून एक म्हातारा सुनेला घेऊन आला होता. सुनेला सुट्टी झाली, तरी ही माणसं जाईनात. दोन दिवस व्हरांड्यात बसून. विचारलं तर काही बोलेनात. शेवटी इथल्या आदिवासींची माडिया बोली येणाऱ्या आशाताईंनी उलगडा केला: खाट दुसऱ्या घरची होती, मागून आणलेली. रिकाम्या हातानं परत कसं जायचं? दवाखान्याच्या डेडस्टॉक रजिस्टरात खुर्ची, स्टूल, सलाईन स्टँड, बेडपॅन सगळ्याची नोंद. पेशंटच्या खाटेला रकाना नाही. ज्याची नोंद नाही त्याची भरपाई करायची कशी? मी आणि मावशीनं पैसे घातले, बाजारातून खाट घेतली. म्हाताऱ्यानं तिचं विणकाम बोटांनी दाबून पाहिलं आणि नापसंतीनं मान हलवली. पण घेऊन गेला.

नोकरीतली चिडचिड म्हटलं की मला आधी असलंच काही आठवतं. रक्त, ओकारी, घाण याचं आम्हाला काही वाटत नाही, ते पहिल्या वर्षातच संपतं. जीव जातो तो खाटेपासून दूर ओढणाऱ्या कामांनी. पेशंटला हात लावायला मिळालेली पंधरा मिनिटं हा दिवसातला सुखाचा भाग असतो, असं मी सांगितलं तर शहरातल्या बायकांना खोटं वाटतं.

ग्रामीण रुग्णालय म्हणजे ३० खाटा, हे सरकारी माप. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानं साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स हवी, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीनमागे एक. रात्रपाळीला आमच्यातली एकच असायची. सोबत एक मावशी, दारावर एक माणूस. ऑगस्ट-सप्टेंबरात मलेरिया भरात आला की एका कॉटवर दोन पोरं, आणि खाली चटयांवर आणखी. खालची सगळीच काही कॉट कमी पडली म्हणून खाली नसत. कित्येकांना उंच लोखंडी कॉटवर झोपच येत नाही. पडायची भीती वाटते, आणि घरचे खाली असताना आपण एकट्यानं वर का झोपायचं? रात्री राउंडला जावं तर तीन नंबरची कॉट रिकामी, पेशंट कॉटखाली, सलाईनची नळी ताणलेली, बाजूला बायको, पोर आणि कधी एक कोंबडी. पहिल्या महिन्यात मी सगळ्यांना वर चढवायची. नंतर सलाईनचा स्टँड खाली ओढायला शिकले. गुडघ्यावर बसून खालच्या माणसाला सुई लावायची सवय झाली. कंबरदुखी आज आहे ती तिथली आहे.

आता रजिस्टरं. भरती, ट्रीटमेंट, रिपोर्ट बुक, इंजेक्शन, सर्पदंश, मलेरिया, ऑक्सिजन, प्रसूती, संदर्भसेवा, चादरी, आहार, जैविक कचरा. तेच मग ऑनलाइन भरायचं, आणि नेटवर्क नसेल तर ‘नेटवर्क आल्यावर भरा’. बाळंतिणीला जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये मिळायचे तर आधारवरचं नाव, बँकेतलं नाव आणि आमच्या रजिस्टरातलं नाव जुळलं पाहिजे. माडिया बाईचं नाव तीन ठिकाणी तीन तलाठी-मास्तर-सिस्टरांनी आपापल्या कानानं लिहिलेलं. सातशे रुपयांसाठी ती नदी ओलांडून दोनदा येऊन गेली आणि तिसऱ्यांदा आलीच नाही, हे मी पाहिलंय. शिव्या अर्थात आम्हालाच, ‘प्रलंबित’ यादीत नाव राहिलं म्हणून.

दर १२ मेला आम्ही मेणबत्त्या लावून शपथ घ्यायचो. नाइटिंगेलबाई म्हणजे हातात दिवा, एवढंच आम्हाला शिकवलेलं. पण रजिस्टरांची खरी आजी तीच, हे मला फार उशिरा कळलं. १८५४ साली स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात गेलेल्या या बाईनं सैनिक लढाईत कमी आणि दवाखान्यातल्या घाणीनं जास्त मरतात, हे आकडे मांडून, आकृत्या काढून सरकारच्या तोंडावर फेकलं. हिंदुस्थानात ती कधी आली नाही, पण इथल्या फौजेच्या आरोग्यावरच्या १८६३ च्या अहवालामागे तिचं डोकं होतं. तिनं आकडे लिहिले ते भांडायला. आमच्याच जिल्ह्यात याचं दुसरं उदाहरण आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ सुरू केलं, गावागावांतला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू मोजला, मग त्याच गावांतल्या बायकांना नवजात बाळ सांभाळायचं शिक्षण दिलं. ३९ गावांत नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं, ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन जातात ते त्यातूनच. म्हणजे आकडे फिरून त्याच गावात आले. मी इतकी वर्षं रोज आकडे वर पाठवले. वरून एकदाही असं आलं नाही की सिस्टर, तुमच्याकडे सप्टेंबरात मलेरिया एवढा वाढतो, तर ऑगस्टातच एक माणूस जादा देतो. वरून यायचं ते एवढंच: रकाना क्रमांक ११ रिकामा आहे, खुलासा करा.

भाषेचं रडगाणं मी गाणार नाही. चूक आमची आहे. आपण त्यांच्या मुलखात जाऊन नोकरी करतो आणि त्यांना मराठी येत नाही म्हणून चिडतो. आम्हाला प्रशिक्षणात सगळं शिकवलं, माडियाचं एक वाक्य शिकवलं नाही. पण भाषा थोडी आली तरी एक अडचण उरतेच: ही माणसं कण्हत नाहीत. पुस्तकात लिहिलंय, पेशंटला विचारा, शून्य ते दहापैकी दुखणं किती. अस्वलानं टाळू सोललेला माणूस चार तास चालत येऊन बाकावर गप्प बसलेला मी पाहिला. त्याच्या शेजारी ताप आलेला दुकानदार केवढ्यानं ओरडत होता. मी आधी दुकानदाराकडे गेले. नंतर त्या माणसाच्या डोक्यावरचं फडकं काढलं तेव्हा माझा मलाच राग आला. तेव्हापासून बाकावरच्या सगळ्यात गप्प माणसाकडे आधी जायचं, हे मी नव्या पोरींना सांगत आले.

आजाऱ्यांना दोरा बांधणाऱ्या गावच्या पुजाऱ्याशी मात्र माझं कधी भांडण झालं नाही, होईल असं सगळे म्हणायचे तरी. तो डाव्या मनगटाला दोरा बांधायचा, मी उजव्या हाताला सलाईन लावायची. एकदा तर त्यालाच ताप आला, रक्ताच्या थेंबावर किटमध्ये दोन रेघा उमटल्या, आणि गोळ्या घेऊन तो मुकाट बसला. दोरा कुणी बांधला होता ते विचारलं नाही.

आता ती एक रात्र सांगते. ऑगस्ट महिना, पुलावरून पाणी. रात्री दहाच्या सुमाराला खाट आली. अकरा-बारा वर्षांचा मुलगा. जमिनीवर झोपला होता, पहाटे पोटात दुखलं, दिवसभर घरीच, संध्याकाळी पापण्या मिटायला लागल्या. अंगावर दंशाची खूण शोधून सापडेना. मण्यार अशीच चावते, झोपेत. ठसा राहत नाही, सूज येत नाही, घरच्यांना वाटतं पोर झोपेला आलंय.

घोणस-फुरशाचा संशय फेडायला दोन मिली रक्त काचेच्या ट्यूबमध्ये घेऊन वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग तिरकं करून बघायचं, गोठलं की नाही. ट्यूब काचेचीच हवी, कोरडी, आणि साबणाचा अंशही नको, नाहीतर निकाल खोटा. प्लास्टिकच्या ट्यूबा खोकंभर होत्या. काचेची एक. ती मी माझ्या डब्याच्या पिशवीत कापसात गुंडाळून ठेवायची, कारण ट्रेमध्ये ठेवली की कुणीतरी धुऊन टाकत असे. रक्त घेतलं, ट्यूब खिडकीत उभी केली आणि मावशीला सांगितलं, हिच्याजवळ कुणाला जाऊ देऊ नकोस.

मग सर्पविषाची लस. पहिला डोस दहा कुप्यांचा. लहान मुलाला कमी द्यायची असं अनेकांना वाटतं. तसं नाही. साप काही पोराचं वजन बघून विष सोडत नाही, म्हणून लस मोठ्याइतकीच. प्रत्येक कुपीत तळाला पांढरी वडी. तिच्यात दहा मिली पाणी घालायचं आणि कुपी दोन तळव्यांत धरून हळूहळू फिरवायची. घाईनं खळखळ हलवली की फेस होतो, मग सुईत औषधाऐवजी फेसच येतो. वडी विरायला वेळ लागतो. समोर पोराची मान लुळी पडतेय आणि आपण ताक घुसळायच्या गतीनं कुपी फिरवतोय. सहाव्या कुपीला लाइट गेली. जनरेटर सुरू व्हायला नको म्हणत होता. मावशीनं मोबाइलचा टॉर्च धरला. रिअ‍ॅक्शन आली तर म्हणून अ‍ॅड्रेनलिन आधीच भरून ठेवलेलं. लस चढली. वीस मिनिटं झाली, ट्यूब तिरकी केली, रक्त गोठलेलं. म्हणजे मण्यारच.

डॉक्टर नुकतेच एमबीबीएस होऊन आलेले, पण हाताचे पक्के. निओस्टिग्मिन दिलं. मण्यारीत त्याचा उपयोग होतोच असं नाही, झालाही नाही. बाराच्या पुढे श्वास उथळ झाला तेव्हा त्यांनी बॅटरीच्या उजेडात नळी घातली. व्हेंटिलेटर नव्हता, पूल बंद, १०८ ची गाडी पलीकडच्या काठावर. उरली अ‍ॅम्बू बॅग. रबरी फुगा, दाबला की हवा आत, सोडला की बाहेर. दर तीन सेकंदांनी एकदा. तासाला बाराशे वेळा. वॉर्डात आणखी तेवीस पेशंट, त्यात फिट आलेलं मलेरियाचं एक पोर, ज्याला आर्टेसुनेटचा पुढचा डोस द्यायची वेळ झालेली.

मी फुगा मुलाच्या मामाच्या हातात दिला. त्याला मराठी येईना, मला ‘दाब’ आणि ‘सोड’ माडियात सांगता येईना. मग त्याच्या मागे उभी राहिले आणि खांद्यावर बोटानं ताल धरला: टक, थांब, थांब. टक, थांब, थांब. पाच मिनिटांत त्याला लय सापडली. रेला पाटा म्हणत रात्रभर फेर धरणारा माणूस, त्याला लय काय शिकवायची! खाट वाहून आणणारे चौघे होते. चौघांनी पाळ्या लावून घेतल्या. दमलेला माणूस फुगा सोडायच्या आधी पुढच्याचा हात त्यावर ठेवून घ्यायचा, एकही ठेका चुकू न देता. हे मी सांगितलं नव्हतं. मी इतर पेशंट बघत फिरत होते आणि कान तिकडे. रात्रभर तो फुगा वाजत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलानं बोटं हलवली. तिसऱ्या दिवशी नळी काढली.

चौथ्या दिवशी मला कागद आला. त्या रात्रीच्या ऑक्सिजन रजिस्टरात रात्री १२ ते सकाळी ८ या वेळेतल्या दर तासाच्या नोंदी नाहीत, तरी तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. कागद पाठवणाऱ्याचा दोष होता असं नाही, त्यालाही वरून आला असणार. मी खुलासा लिहिला. ‘कामाच्या व्यापात नजरचुकीने राहून गेले. यापुढे दक्षता घेईन.’ सगळ्या खुलाशांत हेच लिहितात. शेजारी बसलेला मामा मी काय लिहितेय ते बघत होता, त्याला वाटलं असेल, पोरासाठीच काही लिहितेय.

त्या दिवसांत मी १९७३ सालाचा फार विचार करायची. त्या वर्षी २३ डिसेंबरला बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. पुढे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे या डॉक्टर जोडप्यानं तिथे जन्म काढला. झाडाखाली दवाखाना, कंदिलाचा उजेड. नंतर २००८ मध्ये मॅगसेसे मिळालं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्रकल्प सुरू होण्याच्या बरोबर सव्वीस दिवस आधी, २७ नोव्हेंबर १९७३ ला, मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग या आमच्या व्यवसायातल्या मुलीवर रुग्णालयातच हल्ला झाला. तिच्या मैत्रिणींनी, मग त्यांच्या जागी आलेल्या सिस्टरांनी, मग त्यांच्याही नंतरच्यांनी तिला जवळपास बेचाळीस वर्षं सांभाळलं. १८ मे २०१५ ला ती गेली. दोन्ही गोष्टींची तुलना नाही करत मी. पण रात्री दोन वाजता औषधांच्या खोलीकडे एकटीनं बॅटरी घेऊन जाताना मला हेमलकसा कधी आठवलं नाही, अरुणाच आठवली. बाहेरची माणसं विचारतात, नक्षलवाद्यांची भीती नाही वाटायची? खरं सांगायचं तर, दाराची कडी तुटलेली होती त्याची जास्त वाटायची. कडीसाठी मागणीपत्र तीनदा दिलं होतं.

पैशांबद्दल थोडक्यात. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयानं आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्याला ‘एकस्तर’ मिळतो, म्हणजे वरच्या पायरीची वेतनश्रेणी. माझ्या शेजारच्या कॉटवर तेच इंजेक्शन देणारी कंत्राटी सिस्टर मात्र ठरलेल्या मानधनावर. आणि तरीही गडचिरोलीची बदली म्हणजे शिक्षा, ही समजूत काही जात नाही. ज्या गावात पाठवणं ही शिक्षा समजली जाते, त्या गावच्या माणसानं काय समजायचं? एकदा बसमध्ये एक साहेब फोनवर मोठ्यानं सांगत होते, ‘मला इथे टाकलंय.’ समोरच्या बाकावरची माडिया मुलगी आश्रमशाळेत शिकलेली होती, तिला मराठी उत्तम येत होतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

मण्यार चावलेला तो मुलगा सातव्या दिवशी गेला. सुट्टी दुसऱ्या दिवशी होणार होती, कार्ड तयार व्हायचं होतं, डॉक्टरांची सही राहिली होती. नाइट माझीच होती. पहाटे पाचला राउंड घेतला तर कॉट रिकामी, कॉटखालची चटईही नाही. चादर घडी घालून उशाशी ठेवलेली. व्हरांड्यात आले, तर भिंतीला खाट नाही. दारावरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, अर्धा तास झाला बाई, गेले सगळे. खाट होती, पण खाटेवर तांदळाचं पोतं होतं. पोरगा मागून चालत गेला.

आमच्याकडे अशी केस ‘डामा’ धरतात, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध निघून गेला. मी भरतीचं रजिस्टर उघडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘बरा होऊन चालत गेला.’ सकाळी इन्चार्ज सिस्टरनं चष्मा लावून ते वाचलं, एक आडवी रेघ मारली आणि वर ‘डामा’ लिहिलं. खाडाखोड केली म्हणून बाजूला सही लागते. ती माझी घेतली.